एकदाच विचारा : मुलांवरच्या अत्याचाराच्या तपासात पोलिसांचं काम कोणतं, सामाजिक कार्यकर्त्याचं कोणतं

तिसरीतल्या एका मुलीने आपल्यावर बेतलेली गोष्ट किती जणांना सांगितली, हे मी एकदा मोजलं होतं. आधी आईला. मग आजीने बसवून विचारलं, मग चुलत्याने. अंगणवाडीताई घरी आली, तिला. शाळेत मुख्याध्यापकांना, नंतर पोलीस पाटलांना. ठाण्यात आधी अंमलदाराला, मग जबाब घेणाऱ्या मॅडमना. दवाखान्यात डॉक्टरांना. मी, सामाजिक कार्यकर्ती, दहावी. माझ्यासमोर ती फ्रॉकची गुंडी फिरवत बसली आणि म्हणाली, "काहीच नही व्हयनं." बाहेर उभा असलेला चुलता लगेच म्हणाला, "बघा ताई, पोरगी खोटंच बोलत होती."

ती खोटं बोलत नव्हती. शाळेत बाई एकच प्रश्न पुन्हा विचारतात तेव्हा आधीचं उत्तर चुकलेलं असतं, हे तिसरीतल्या पोरीला पक्कं ठाऊक असतं. इतकी मोठी माणसं पुन्हा पुन्हा विचारतायत म्हणजे आपलं चुकलं, मग उत्तर बदलावं, एवढा साधा हिशेब तिने केला होता.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या शिक्षकांसाठी, आशाताई-अंगणवाडीताईंसाठी, पोलीस पाटलांसाठी आणि आईबापांसाठी हे लिहितेय. अशी वेळ आली तर कोणाला धरायचं, कोणाकडून काय मागायचं, आणि मुलाला दहा वेळा सांगायला लागू नये म्हणून काय करायचं, ते क्रमाने सांगते. प्रसंगांतले तपशील बदलले आहेत. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

दोघांचे प्रश्न वेगळे

काय घडलं, कोणी केलं आणि ते कोर्टात टिकेल का, हे पोलिसांना शोधायचं असतं. आज रात्री हे मूल कुठे झोपणार, तिथे धोका आहे का, आणि निकाल लागेपर्यंत त्याच्यासोबत कोण राहणार, हे सामाजिक कार्यकर्त्याला बघायचं असतं. दोघांची वाट एकाच मुलावरून जाते, म्हणून गल्लत होते. फौजदार आईला संसार सांभाळायचा सल्ला देऊ लागतो, कार्यकर्ती उलटतपासणी घेऊ लागते, आणि दोघांचीही मूळ कामं तशीच पडून राहतात.

बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, सहायक फौजदार किंवा त्याहून वरच्या दर्जाचा. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं, त्याचे प्रमुख उपअधीक्षक किंवा त्यावरचे अधिकारी. या पथकात बालकांच्या कामाचा अनुभव असलेले दोन सामाजिक कार्यकर्ते हवेत, त्यांत एक महिला, असंही कायदा सांगतो. म्हणजे दोघांना एका टेबलावर बसवायचं काम कायद्यानेच केलंय. टेबल कुठे ठेवलंय, ते मात्र आपल्याला विचारत फिरावं लागतं.

दुसऱ्या बाजूला लोक ज्या कोणाला सरसकट "सोशल वर्कर मॅडम" म्हणतात, त्या वेगवेगळ्या खुर्च्या आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले संरक्षण अधिकारी आणि समुपदेशक. १०९८ वर फोन केला की येणारी चाइल्ड हेल्पलाइनची माणसं. केस सुरू झाल्यावर मुलासाठी नेमली जाणारी सपोर्ट पर्सन. आणि या सगळ्यांच्या वर बालकल्याण समिती. ती कार्यकर्त्यांचं मंडळ नव्हे. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला, आणि अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. घरी कोणी आलं की पहिल्यांदा एवढंच विचारा : "ताई, तुम्ही कोणत्या कार्यालयातून, आणि तुमचं पत्र कुठे आहे?" खरी कार्यकर्ती या प्रश्नाने रागावत नाही.

मुलाने सांगितलं त्या क्षणी

ऐका. डोळे विस्फारू नका, रडू नका, "तू तिथे गेलीच कशाला" असं तर तोंडातूनच येऊ देऊ नका. दोनच गोष्टी कळून घ्या : कुठे दुखतंय का, आणि तो माणूस आज रात्री घरात किंवा वस्तीवर असणार आहे का. बाकी कधी, कितीदा, कसं हे विचारायचं काम तुमचं नाही. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागणार आहे. "ज्यांना सांगायलाच हवं, फक्त त्यांनाच सांगेन" एवढं म्हणा आणि ते पाळा.

मूल बोलून झालं की बाजूला जाऊन कागदावर लिहा. त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत. तारीख, वेळ, समोर कोण होतं. खाली सही. पुढे आठ महिन्यांनी कोर्टात तुम्हाला कोणी विचारलं, तर आठवणीपेक्षा हा कागद बरा.

अंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका. बदलले असतील तर वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना सडतो. मोबाइलवर फोटो-व्हिडिओ असेल तर पुसू नका आणि कोणालाही, अगदी ओळखीच्या पोलिसालासुद्धा, फॉरवर्ड करू नका. पाठवणाराच आरोपी होतो. आणि संशयिताच्या दारात जाऊन जाब विचारू नका. आपल्याकडे भाऊबंद आधी तेच करतात. संध्याकाळपर्यंत तो माणूस सुरतच्या गाडीत बसलेला असतो.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांना वेगळं सांगते. "आधी आपली अंतर्गत चौकशी करू, संस्थेचं नाव जाईल" हा विचार डोक्यात आला की समजा, तुम्ही गुन्ह्याच्या उंबरठ्यावर आहात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी असलेल्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. बदलापूरमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले ते जितके अत्याचारामुळे, तितकेच फिर्याद दाखल करून घ्यायला झालेल्या उशिरामुळे. तुम्हाला पुरावा गोळा करायचा नाही. शंका असली तरी कळवता येतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

कुठे कळवायचं

जवळचं ठाणं, ११२ किंवा १०९८. तिन्हींत मी आधी १०९८ सुचवते, कारण मग ठाण्यात जाताना सोबत एक माणूस असतो. भुसावळसारख्या जंक्शनवर मूल सापडलं तर लोहमार्ग पोलीस किंवा रेल्वे सुरक्षा दल.

"हद्द आमची नाही" हे उत्तर मान्य करू नका. खान्देशाला दोन राज्यांच्या सीमा आहेत. उसाच्या तोडीला, कापूस वेचायला माणसं दिवाळीनंतर गुजरातेत जातात, पोरं सोबत जातात, आणि घडलेलं बाहेर येतं ते होळीला गावी परतल्यावर. अशा वेळी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. पुढे गुन्हा बारडोलीला पाठवायचा की आणखी कुठे, ते पोलीस बघतील. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, पोस्टाने पाठवला तरी चालतो. पोक्सोची माहिती नोंदवून न घेणं हा पोलिसाच्या बाबतीतही २१व्या कलमाखालचा गुन्हाच आहे. हे ठाण्यात शांत आवाजात सांगावं. मोठ्याने सांगितलं की वाद होतो आणि संध्याकाळ त्यातच जाते.

पहिले चोवीस तास

या एका दिवसात पोलिसांवर कायद्याने बरंच काम टाकलंय. फिर्याद नोंदवायची. मुलाला आणि पालकांना त्यांचे हक्क समजावून सांगायचे. २०२० च्या पोक्सो नियमांत त्यासाठी 'नमुना अ' आहे. जबाबदार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन नंबर द्यायचा. वैद्यकीय मदत मिळवून द्यायची. बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं, आणि समितीला 'नमुना ब' मध्ये प्राथमिक मूल्यांकन पाठवायचं : मूल कोणासोबत राहतं, आरोपी घरातलाच आहे का, मुलाला अपंगत्व आहे का, शाळा बुडतेय का.

हा 'नमुना ब' म्हणजे पोलिसांकडून सामाजिक कार्यकर्त्याकडे जाणारी दोरी. घाईत तो कोराच जातो, किंवा सगळ्या रकान्यांत "निरंक". मग समितीला वाटतं सगळं ठीक आहे. तुम्ही मुलासोबत ठाण्यात असाल तर आदराने म्हणा, "साहेब, नमुना ब भरताना आम्ही सांगतो ते लिहून घ्या." आरोपी सावत्र बाप असेल आणि घर एका खोलीचं असेल, तर हे त्या कागदावर आलंच पाहिजे.

आरोपी घरातलाच आहे, मूल संस्थेत राहतं, किंवा त्याला घरदारच नाही, अशा वेळी चोवीस तासांत मुलाला समितीसमोर हजर करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. अक्राणीच्या डोंगरातल्या किंवा नर्मदाकाठच्या, बोटीने पोहोचायच्या पाड्यांसाठी ही सवलत महत्त्वाची आहे. पण ती प्रवासापुरतीच, जेवून-खाऊन सकाळी निघण्यासाठी नाही. समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यासमोरही नेता येतं. आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. "गाडी नाही, इथेच बाकावर झोपू द्या" हेही त्यात आलं.

याच वेळात कार्यकर्तीने काय करायचं? पोटात काही आहे का ते बघायचं. मी सांगते, हे पहिलं काम. सकाळी अकराला ठाण्यात आलेलं मूल दुपारी चारपर्यंत उपाशी असतं आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. बरोबरची लहान भावंडं कुठे आहेत, आईची मजुरी बुडाली तर उद्याचं काय, परत जायला भाडं आहे का. नियमांत विशेष साहाय्याची तरतूद आहे. समितीने शिफारस केली की अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी आठवड्याच्या आत रक्कम द्यावी लागते. कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

जबाब

सगळी केस इथे उभी राहते किंवा पडते, म्हणून इथे जरा थांबते.

कायदा सांगतो : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या, गणवेशात नसताना. आरोपी नजरेस पडता कामा नये. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं कोणीतरी सोबत हवं. आणि २६व्या कलमात एक सोन्यासारखं वाक्य आहे : मूल बोलेल तसाच जबाब लिहायचा.

आता एक पान माझ्या डोळ्यांसमोर येतं. मुलगी सात वर्षांची, बोली अहिराणी. ती म्हणाली होती, "तो माले खळामा लई गया. तो मन्हासंगे वंगाय करस." रायटरने लिहिलं : "सदर इसमाने मला खळ्यात नेऊन माझ्याशी अश्लील कृत्य केले." वरवर बघता चूक काहीच नाही. पण दीड वर्षाने बचावाच्या वकिलांनी कोर्टामार्फत विचारलं, "अश्लील कृत्य म्हणजे काय, ते सांग." तिला तो शब्दच माहीत नव्हता. दुसरं म्हणजे, तिच्या वाक्यात 'करस' होतं, म्हणजे 'करतो', वारंवार. लिहिताना ते 'केले' झालं, एकदाच. एका क्रियापदात गुन्ह्याचं वजन बदललं.

म्हणून अहिराणी, भिल्ली, पावरी, मावची बोलणाऱ्या मुलाचा जबाब असेल तर त्याचे शब्द अवतरणात तसेच येऊ द्यावेत आणि खाली मराठी अर्थ लिहावा. पोलिसांना बोली येत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो, आणि दुभाष्यांची यादी ठेवण्याची जबाबदारी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची आहे. गावातल्याच माणसाला दुभाषी करू नका. तो आरोपीच्या कुळातला किंवा देण्याघेण्यातला निघतो. मूल ऐकू-बोलू शकत नसेल किंवा मतिमंद असेल तर विशेष शिक्षक बोलवता येतो. आवाज आणि चित्र रेकॉर्ड करण्याचीही सोय कायद्यात आहे.

कार्यकर्तीने या खोलीत काय करायचं? गप्प बसायचं. मुलाला दिसेल अशा जागी बसायचं, पाणी द्यायचं, थकलं तर "पाच मिनिटं थांबू या का?" एवढं विचारायचं. उत्तर सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, अंगावर हात फिरवून "सांग, सांग" म्हणायचं नाही. मी सुरुवातीच्या काळात ही चूक केली आहे. मूल अडखळलं म्हणून मीच वाक्य पूर्ण केलं, आणि पुढे कोर्टात "बाईंनी पढवलं" हे शब्द खाली मान घालून ऐकून घेतले.

ठाण्यातल्या जबाबानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणखी एक जबाब होतो. लोक अजून त्याला "१६४ चा जबाब" म्हणतात. नव्या संहितेत तो १८३. तिथे आरोपीचा वकील नसतो. हा जबाब लवकर व्हावा यासाठी पोलिसांच्या मागे लागा, कारण मधल्या दिवसांत घरावर दबाव येतो. फिर्याद, नमुना ब, डॉक्टर, समिती या सगळ्यांनी आधी लिहिलेलं वाचून मगच तोंड उघडलं, तर मुलाला नीट दोनदा-तीनदाच सांगावं लागेल. मला दहावी व्हायची गरज नव्हती. ठाण्यातला जबाब मी मागून वाचला असता तर पुरलं असतं.

दवाखाना

पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय तपासणार नाही, असं कोणताही डॉक्टर म्हणू शकत नाही. गुन्हा नोंद होण्याआधीही तपासणी होते आणि उपचार मोफत असतात. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी महिला डॉक्टर नसतील तर धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला पाठवतात. त्या प्रवासाला गाडी देणं पोलिसांचं काम, आणि सोबत बसणं कार्यकर्तीचं.

घटना ताजी असेल तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळायची गोळी जितकी लवकर तितकी बरी. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच चुकीची ठरवली, आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल असं बजावलं. अंगावर जखम नाही म्हणजे काही घडलंच नाही, असंही नसतं. हे आजीला, मामाला आणि कधीकधी ठाण्यातल्या हवालदारालाही समजावून सांगावं लागतं.

घर बघणं

समितीने तीन दिवसांच्या आत ठरवायचं असतं, की या मुलाला घरातून हलवायचं की नाही. त्यासाठी ती सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेते. पुढे समितीची सविस्तर चौकशी लागली तर सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. हे काम पोलिसांना जमत नाही. त्यांची गाडी दारात उभी राहिली की घर वेगळं वागतं.

मी घरी गेले की आधी झोपायच्या जागा विचारते. कोण कुठे झोपतं, उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, झोपायला कोण जातं, दाराला आतून कडी आहे का. संडास घरात आहे की बाहेर, आणि अंधारात मुलीसोबत कोण जातं. आई कोणत्या शेतात, किती वाजेपर्यंत. मुलीचं दप्तर कुठे ठेवलंय. एका घरी दप्तर माळ्यावर चढवून ठेवलेलं दिसलं. घरच्यांनी शाळा बंद करायचं ठरवलं होतं, पण तोंडाने मात्र "जाईल ना, जाईल" म्हणत होते. अहवालात मी ते दप्तरच लिहिलं.

मूल काढून बालगृहात ठेवणं हा शेवटचा उपाय. आरोपी अटकेत असेल, आई मुलाच्या बाजूने असेल, आजोळ जवळ असेल, तर मुलाला घराबाहेर काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मुलाला काय हवं तेही विचारून लिहायचं असतं. मात्र आई "त्यांना जामीन मिळाला की सगळं आधीसारखं होईल" असं म्हणत असेल, तर घर कितीही नीटनेटकं असो, मूल तिथे सुरक्षित नाही.

पोलिसांच्या हद्दीत पाय घालू नका

घटनास्थळाचा पंचनामा, मोबाइल जप्ती, कॉल रेकॉर्ड, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं हे सगळं पोलिसांचं. कार्यकर्तीने खळ्यात जाऊन फोटो काढायचे नाहीत, साक्षीदारांना गाठायचं नाही. मदत एकाच कागदात करता येते, आणि ती मोलाची असते : वयाचा पुरावा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर जन्मनोंद. डोंगरातल्या पाड्यांवर कित्येक मुलांच्या जन्मतारखा १ जून लागलेल्या असतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती टाकली. बचावाचा वकील हा धागा पहिला ओढतो. मूळ नोंद, भावंडांच्या तारखा, अंगणवाडीचं रजिस्टर आधीच शोधून ठेवलं तर हाडांच्या तपासणीपर्यंत वेळ येत नाही.

बलात्कार आणि पोक्सोच्या गंभीर कलमांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणंही आता बंधनकारक आहे. विचारायला लाजू नका.

मिटवामिटवी आणि सपोर्ट पर्सन

गुन्हा नोंद झाल्यावर पंधरा दिवसांत कोणीतरी मोठा माणूस घरी येतो. आप्पा, नाना, कधी जातीचे पंच. "पोरीचं लग्न व्हायचंय, चार पैसे घ्या आणि विषय संपवा." हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पण फितूर होता येतं, आणि तिथेच केस मरते. १९९४ मध्ये जळगावच्या वासनाकांडात शाळा-कॉलेजच्या कितीतरी मुली नाव फुटेल या भीतीने पुढेच आल्या नाहीत. तेव्हा ना पोक्सो होता, ना मुलीसोबत चालणारं कायद्याने नेमलेलं माणूस.

आज ते आहे. समिती सपोर्ट पर्सन नेमते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक ऐच्छिक नसल्याचं स्पष्ट केलं. नेमल्यापासून चोवीस तासांत पोलिसांनी ते मुलाला कळवायचं आणि कोर्टाला लेखी द्यायचं. कोणी नेमलंच नसेल तर समितीला साध्या कागदावर अर्ज द्या. सपोर्ट पर्सन वकील नसते, पोलिसांची खबरी नसते. जामिनाचा अर्ज कधी आहे, आरोपी सुटला का, तारीख कोणती, हे कुटुंबाला सांगणं, आणि धमकी आली तर पोलीस व समितीपर्यंत पोहोचवणं, हे तिचं काम. मुलाने सांगितलेलं तिने बाहेर बोलायचं नाही. आणि कुटुंब तोडीला निघण्याआधी मुकादमाचा नंबर आणि जाण्याचं गाव लिहून घेणं. हे कुठल्या नियमात नाही, पण समन्स परत जाण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

पैशाचं तिलाच विचारा. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि मदत १० लाखांपर्यंत मिळू शकते. विशेष न्यायालय अंतरिम भरपाईही देऊ शकतं. मोफत वकीलही विधी सेवा प्राधिकरणाकडेच.

जिथे सरळ वाट नसते

सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने गेलेली असते, बाप पळवून नेल्याची फिर्याद देतो. कायद्यात अठराच्या आतल्या संमतीला अर्थ नाही, त्यामुळे पोलिसांना गुन्हा दाखल करावाच लागतो. पण मुलगी परत आल्यावर तिला घरी मारहाण होईल का, लगेच दुसरीकडे लग्न लावतील का, हे बघायला कार्यकर्तीच हवी. तसंच बालविवाहाचं. आरोग्य केंद्रात सतरा वर्षांची गरोदर मुलगी आली की पोलिसांना कळवलं जातं आणि नवराच आरोपी होतो; बायको अठराच्या आत असेल तर तोही बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. या भीतीने मुली तपासणीलाच येईनाशा होतात. तिचं लोहाच्या गोळ्यांचं पाकीट चालू राहणं हे त्या वेळी कार्यकर्तीचं काम. लग्न आधीच रोखायचं तर ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी, त्याला हलवा.

आरोपीच अठराच्या आतला असेल तर तो बाल न्याय मंडळासमोर जातो. तिथे दंडाधिकाऱ्याच्या शेजारी दोन सामाजिक कार्यकर्ते निकाल द्यायला बसलेले असतात. त्याच्यासाठी आणि पीडित मुलासाठी एकच कार्यकर्ती धावत असेल, तर एक काम सोडायला सांगा.

साक्षीचा दिवस

कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि वर्षात खटला, असं कायदा म्हणतो, वर्षाच्या मुदतीला 'शक्यतो' हा शब्द जोडून. तारीख लागली की आदल्या आठवड्यात परवानगी काढून मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा. सरकारी वकिलांची ओळख करून द्या. सुनावणी बंद दालनात असते, आरोपी आणि मूल यांच्यामध्ये पडदा किंवा व्हिडिओची सोय असते, प्रश्न वकील थेट विचारत नाहीत, न्यायाधीश विचारतात, आणि मध्ये सुट्टी मागता येते. हे सगळं मुलाला आधी सांगा. काय बोलायचं ते मात्र सांगू नका.

त्या दिवशी पहिली एसटी धरा, म्हणजे आरोपीची माणसं गेटवर यायच्या आत तुम्ही आत असता. डबा, पाण्याची बाटली, एक जादा फ्रॉक.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीला मी असंच अमळनेरला घेऊन गेले होते. ती तोवर पाचवीत गेली होती. रिकाम्या दालनात तिने बाकं मोजली, पडद्यामागे जाऊन बसून बघितलं, मग उंचावरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"हाई खुर्ची कोनी शे?"

"जजमॅडमची."

"त्या कितीदाव इचारतीन?"

मी म्हटलं, "एकदाच."